आई-वडिलांशी इच्छापत्राविषयी बोलताना

(ज्येष्ठ नागरिक आणि त्यांची मुले-मुली यांच्या एकत्रित कुटुंब मेळाव्यात एका वकिलांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या मेळाव्याची बैठक संयोजकांनी विचारपूर्वक योजली आहे. पुढच्या रांगांत आई-वडील बसले आहेत आणि मागच्या रांगांत त्यांची मुले, मुली, सुना आणि जावई. विषयही असा निवडला आहे की, जो पुढच्यांनी काढावा असे मागच्यांना वाटते आणि मागच्यांनी काढला तर पुढच्यांना रुचत नाही. मुलगा गप्प राहतो, कारण त्याला भीती असते की, बाबा म्हणतील, ‘याला माझ्या मरणाची घाई झाली आहे’. वडील गप्प राहतात, कारण त्यांना वाटते, विषय काढला की भावाभावांतील कुरबुर आजच सुरू होईल. मुलगी गप्प राहते, कारण ‘लग्न झाल्यावरही हिचा डोळा माहेरच्या घरावर’ असे कोणी म्हणू नये. आणि आई बोलतच नाही, कारण या व्यवहारात तिला आजवर कोणी विचारलेलेच नसते.

यातील प्रत्येक मौनाच्या मुळाशी माया आहे, हे मी मान्य करतो. परंतु न्यायालयांत वर्षानुवर्षे चालणारे वारसाहक्काचे दावे पाहिले तर असे दिसते की, या मौनाची किंमत सहसा गप्प बसणारा चुकवीत नाही. मागे राहणारा चुकवितो. आणि आपल्या घरांत मागे राहणारी व्यक्ती बहुतेक वेळा आई असते. म्हणून आज मी कोणाला किती मिळावे, याविषयी बोलणार नाही. मागे राहणाऱ्याचे काय होते आणि ते टाळण्यासाठी घरात हा विषय कसा काढावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

इच्छापत्र नसले तर काय होते?

आपल्याकडे एक समज घट्ट रुजला आहे. घर वडिलांच्या नावावर असते; वडील गेले की ते आपोआप आईचे होते, आणि आईनंतर मुलांचे. भावनेला हे पटते. कायदा मात्र असे सांगत नाही.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार एखादा पुरुष इच्छापत्र न करता मरण पावला, तर त्याची स्वकष्टार्जित मिळकत प्रथम ‘वर्ग एक’च्या वारसांकडे जाते. त्यांत त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई प्रामुख्याने येतात, आणि या सर्वांना समान वाटा मिळतो. सदनिका एकट्या वडिलांच्या नावावर असेल, मागे पत्नी, एक मुलगा व एक मुलगी असतील, तर पत्नीला त्या घराचा एक-तृतीयांश भाग मिळतो. मुले तीन असतील तर एक-चतुर्थांश. वडिलांची वृद्ध आई हयात असेल, तर वाटेकरी आणखी एकाने वाढतो. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर निम्मे-निम्मे असेल, तर पत्नीचा स्वतःचा अर्धा भाग सुरक्षित राहतो. पण उरलेल्या अर्ध्या भागाची वाटणी होतेच. दोन मुले असतील तर तिच्या हाती एकूण दोन-तृतीयांश येते. ज्या घरात तिने चाळीस वर्षे देवापुढे दिवा लावला, त्या घराची ती अशी अपूर्णांकातील मालकीण होते.

कोणी म्हणेल, ‘आमची मुले सद्‍गुणी आहेत. ती आईच्या नावे हक्कसोडपत्र करून देतील.’ देतीलही, आणि अनेक घरांत मुले ते आनंदाने देतात. पण सारे काही मुलांच्या सद्‍गुणांवर अवलंबून नसते. समजा, दोन मुलांपैकी एक वडिलांच्या आधीच निवर्तला. त्याच्या जागी त्याची पत्नी आणि मुले वारस म्हणून येतात. त्यातील नातू अज्ञान असेल, तर त्याच्या वाट्याचा हक्क त्याची आईसुद्धा आपल्या मनाने सोडू शकत नाही. अज्ञानाच्या स्थावर मिळकतीच्या व्यवहारासाठी न्यायालयाची परवानगी लागते. येथे सुनेची नियत चांगली आहे, सासूची चांगली आहे, आणि तरीही आजी स्वतःचे घर विकून लहान घरात जाऊ शकत नाही. हल्ली जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघतात. अशा वेळी करारावर सर्व वारसांच्या सह्या लागतात. मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत आणि सून नाशिकला, अशी स्थिती असेल तर एकेका सहीसाठी महिनोन्‌महिने जातात, आणि तोवर सत्तरीतील बाई भाड्याच्या घरात दिवस मोजीत राहते.

वडिलांनी एका कागदावर ‘माझ्या पश्चात हे घर पूर्ण मालकीने माझ्या पत्नीचे’ असे विधिवत लिहून ठेवले असते, तर यातील बरेचसे घडलेच नसते. म्हणून मी म्हणतो की, इच्छापत्र हे गृहस्थाश्रमाचे राहून गेलेले अखेरचे कर्तव्य आहे. ज्या गृहस्थाने आयुष्यभर घरावर छप्पर राहील याची चिंता वाहिली, त्याने आपल्यानंतरही ते राहील याची तजवीज करावी, यात अशुभ काय आहे?

‘आपल्यात असे नसते’

या विषयावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. मृत्युपत्र ही साहेबाने आणलेली कल्पना आहे, आपल्या संस्कृतीत असे लिहून ठेवण्याची रीत नाही, असे म्हटले जाते. यातील अर्धी गोष्ट खरी आहे. आजच्या अर्थाने मृत्युपत्र आपल्या स्मृतिग्रंथांत नाही, आणि हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी पहिला स्वतंत्र कायदा १८७० साली झाला. परंतु त्यावरून आपल्या पूर्वजांनी मिळकतीचा विचार घरात उच्चारू नये असे सांगितले, हा निष्कर्ष काढणे साफ चूक आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत दायविभागाचे स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणीच्या चालुक्य दरबारात, सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने, विज्ञानेश्वराने त्याच स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि पुढे अनेक शतके भारताच्या बहुतांश भागात वारसाहक्काचे निवाडे तिच्या आधारे होत राहिले. हे कल्याणी म्हणजे आपल्या सीमेलगतचे, बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. ज्या समाजाने या विषयावर इतके सूक्ष्म चिंतन केले, त्याने घरात त्याविषयी बोलणे अशिष्ट मानावे, हे विसंगत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पित्याच्या पश्चात पुत्र वाटणी करतील, तेव्हा मातेलाही समान अंश द्यावा, असे याज्ञवल्क्य स्पष्ट सांगतो. म्हणजे मागे राहणाऱ्या स्त्रीचे काय, हा प्रश्न आपल्या परंपरेनेच विचारलेला आहे. आपण फक्त त्याचे उत्तर आजच्या काळाला साजेशा रीतीने लिहून ठेवावयाचे आहे.

विषय कोणी काढावा आणि कसा?

आता मागच्या रांगांकडे वळतो. मुलांनो आणि मुलींनो, पहिली सूचना तुम्हाला अनपेक्षित वाटेल. आई-वडिलांकडे इच्छापत्राचा विषय काढण्यापूर्वी स्वतःचे इच्छापत्र करा.

याला व्यावहारिक कारण आहे. तुम्ही चाळिशीत आहात, घरावर कर्ज आहे, मुले शाळेत आहेत. दुर्दैवाने तुमचेच काही बरेवाईट झाले, तर मुलाच्या मिळकतीत त्याची पत्नी, मुले आणि आई यांना समान वाटा मिळतो. वडील मात्र वर्ग एकच्या वारसांत येत नाहीत. निवृत्त वडील मुलावर अवलंबून असतील, तर त्यांच्यासाठी काही तरतूद करणे हे तुमच्या इच्छापत्रानेच शक्य आहे. आणि याला भावनिक कारणही आहे. ‘बाबा, मी माझे इच्छापत्र केले आहे. त्यात तुमची आणि आईची सोय अशी अशी केली आहे. तुम्ही एकदा वाचून पाहा, काही राहिले असेल तर सांगा,’ असे म्हणत मुलगा कागद पुढे ठेवतो, तेव्हा वडिलांना तो मागणारा वाटत नाही. तो त्यांचा सल्ला घेणारा वाटतो. त्यानंतर वडील स्वतःच आपला विषय काढतात, असे पुष्कळदा घडते. आणि नाही काढला, तरी तुमच्या घरातील एक आवश्यक काम पूर्ण झालेले असते.

दुसरी सूचना. हा विषय एकट्याने काढू नये. तुम्ही तीन भावंडे असाल, तर तिघांनी आधी आपसांत बोलून ठरवावे आणि तिघेही हजर असताना, परदेशी असलेल्याला फोनवर घेऊन, आई-वडील दोघांसमोर बोलावे. जो मुलगा जवळ राहतो, त्याने एकट्याने बोलणे केले, तर त्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी उद्या दूरच्या भावंडांच्या मनात शंकेचे बीज पडते. जावयामार्फत किंवा सुनेमार्फत निरोप पाठवू नये. सणाच्या पंगतीत किंवा चार पाहुण्यांसमोर विषय काढू नये. आणि रुग्णालयाच्या खाटेशी तर मुळीच काढू नये. तेथे केलेले इच्छापत्र कायद्याने अवैध ठरते असे नाही. पण त्यावर शंका घेणे सर्वांत सोपे असते.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची, म्हणून ती नीट ध्यानात घ्यावी. आई-वडिलांना दोनच गोष्टी विचाराव्यात. इच्छापत्र केले आहे का? आणि ते कोठे ठेवले आहे? त्यात काय लिहिले आहे, हे विचारू नये. ती मिळकत त्यांची आहे. स्वकष्टाने मिळविलेल्या संपत्तीचे काय करावे, कोणाला अधिक द्यावे, कोणाला कमी द्यावे, एखाद्या संस्थेला दान द्यावे की काय, हा सर्वस्वी त्यांचा अधिकार आहे. मजकूर आपणहून सांगावा, असे त्यांना वाटले तर शांतपणे ऐकावे आणि त्यावर सौदेबाजी करू नये.

याला निव्वळ शिष्टाचार समजू नका. न्यायालयाची दृष्टीही अशीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली दिलेल्या एका निकालात सांगितले की, ज्या व्यक्तीला मृत्युपत्राने मोठा लाभ होतो, तीच व्यक्ती ते तयार करण्यात पुढाकार घेत असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच येते. हे सूत्र आजही लागू आहे. मजकूर सांगणारा मुलगा, वकील आणणारा तोच, साक्षीदार त्याचे मित्र आणि घर मिळणार तेही त्यालाच, असा सगळा मामला असेल तर त्या इच्छापत्रावर वाद ओढवून घेतलाच म्हणून समजा. म्हणून मुलांनी विषय काढावा, आवश्यक तर दोन-तीन वकिलांची नावे सुचवावीत, गाडीने नेऊन सोडावे; आणि मजकुराची चर्चा सुरू झाली की खोलीबाहेर येऊन बसावे. हे अंतर राखण्यातच आई-वडिलांचा मान आहे आणि तुमचे हितही.

बोलण्याची सुरुवात कोणत्या शब्दांनी करावी, असे अनेकजण विचारतात. ‘वाटणी’ हा शब्द टाळावा. ‘तुमच्यानंतर आमचे काय’ असे तर चुकूनही म्हणू नये. असे विचारून पाहावे : ‘बाबा, तुम्ही आठ दिवस गावाला गेलात तरी आईला बँकेचे काम अडते. उद्या तिला एकटीने सगळे पाहावे लागले, तर कोणता कागद कोठे आहे हे तिला ठाऊक आहे का?’ आणि आईला वेगळे, एकांतात विचारावे : ‘आई, तुला कोठे राहायला आवडेल? हे घर तुला हवे आहे का?’ तिला आयुष्यात प्रथमच कोणी हा प्रश्न विचारला, असेही होईल. उत्तर द्यायला तिला वेळ द्यावा.

आणि वडील चिडले तर? ‘मी अजून धडधाकट आहे, इतक्यात ही बोलणी नकोत’ असे म्हणाले तर? वाद घालू नये. विषय तेथेच सोडून द्यावा आणि इच्छापत्राऐवजी यादीपासून आरंभ करावा. एका वहीत बँकांची नावे व खाती, मुदत ठेवी, विमा पॉलिसी, म्युच्युअल फंड, डीमॅट खाते, लॉकर, घराची मूळ कागदपत्रे, गावाकडच्या जमिनीचा सातबारा, कोणाचे देणे-घेणे, असे सारे आई-वडिलांनी आपल्या हाताने लिहावे. यादीला सहसा कोणी नकार देत नाही, कारण यादीत मृत्यूचा उल्लेख नसतो. माणूस गेल्यावर त्याची कोणती ठेव कोठे आहे, हेच घरच्यांना ठाऊक नसते, असे सर्रास होते. बँकेत दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या विशेष निधीत वर्ग होते. वारसांना ती नंतरही मागता येते, आणि अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्‍गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे. पण मुळात एका वहीने जे काम भागते, त्यासाठी शोधयात्रा कशाला करावयाची?

यादी पूर्ण होत आली की बहुधा वडीलच म्हणतात, ‘आता यापुढे नावेही लिहून टाकू.’

ज्येष्ठांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी

आता पुढच्या रांगांशी बोलतो. आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी की, ‘मी सगळीकडे नॉमिनी लावून ठेवला आहे, मला इच्छापत्राची गरज नाही.’ हा समज सोडावा. बँकेत किंवा शेअरच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते. ती त्यामुळे मालक होत नाही. शेअरविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. गृहनिर्माण सहकारी संस्थेतही नामनिर्देशनाने तात्पुरते सभासदत्व मिळते, मालकी वारसाहक्काने किंवा इच्छापत्राने ठरते. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावण्याची सोय झाली आहे. ती उपयुक्त आहे, तिचा लाभ अवश्य घ्यावा. पण नॉमिनीची नावे आणि इच्छापत्रातील नावे एकमेकांशी जुळती ठेवावीत. नावे वेगळी असली की भांडण आमंत्रण दिल्यासारखे येते.

दुसरा गैरसमज मुखत्यारपत्राविषयी आहे. ‘मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले आहे, तो पुढे सगळे पाहील,’ असे म्हटले जाते. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सामान्यतः संपते. जेथे इच्छापत्राचे काम सुरू होते, तेथे मुखत्यारपत्राचे काम थांबलेले असते.

इच्छापत्र करणे अवघड नाही. त्याला मुद्रांक लागत नाही. साधा कागद चालतो. मराठीत लिहिले तरी चालते, हाताने लिहिले तरी चालते. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा. त्याने दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी आणि त्या दोघांनी त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्यात. साक्षीदारांना मजकूर ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान निवडावेत. वाद झाला तर इच्छापत्र सिद्ध करण्यासाठी त्यांच्यापैकी एकाला तरी न्यायालयात यावे लागते, आणि आपल्याच वयाचे मित्र तोवर हयात असतीलच असे नाही. ज्याला लाभ द्यावयाचा आहे, त्याला साक्षीदार करू नये. वय अधिक असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला जोडावा. तो सक्तीचा नाही, पण उपयोगी पडतो.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी असे मी सुचवीन. तिला मुदत नाही, केव्हाही करता येते. मजकूर गुप्त ठेवावयाचा असेल, तर बंद लखोट्यात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोयही १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक विशेष गोष्ट. तेथे इच्छापत्रावर न्यायालयाचे प्रोबेट घेणे दीर्घकाळ सक्तीचे होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केलेल्या दुरुस्तीने ती सक्ती संपली आहे. तथापि, कोणी आव्हान दिले तर इच्छापत्र न्यायालयात सिद्ध करावेच लागते, हे विसरू नये.

मजकुरात काही वाक्ये अवश्य असावीत. घर पत्नीला पूर्ण मालकीने द्यावयाचे आहे की केवळ हयातभर राहण्याचा हक्क द्यावयाचा आहे, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. ‘ती राहील आणि नंतर मुलांनी पाहावे’ अशा मोघम वाक्यांतूनच दावे जन्माला येतात. ज्याला द्यावयाचे, तो आधी गेला तर कोणाला जावे, हे लिहावे. येथे उल्लेख न झालेली आणि पुढे मिळणारी मिळकत कोणाला, हेही लिहावे. आणि हे सर्व अमलात आणील असा एक विश्वासू व्यवस्थापक नेमावा. पती-पत्नींनी आपापली स्वतंत्र इच्छापत्रे करावीत. मन बदलले तर ते केव्हाही बदलता येते. शेवटचे वैध इच्छापत्र तेच खरे.

गावाकडच्या जमिनीविषयी एक सावधगिरी. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत आपल्याला केवळ आपल्या हिश्शापुरतेच इच्छापत्र करता येते. त्या मिळकतीत मुलीही आता मुलांइतक्याच सहदायाद आहेत. महाराष्ट्राने हे पाऊल १९९४ मध्ये मर्यादित स्वरूपात उचलले होते. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने ते देशभर लागू झाले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हा हक्क जन्मजात असल्याचे स्पष्ट केले. तेराव्याच्या गडबडीत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवून ‘येथे सही कर’ म्हणण्याची जी पद्धत काही घरांत पडली आहे, ती बंद झाली पाहिजे. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण विचार करण्यास अवसर न देता घेतलेली सही भाऊबीजेच्या ओवाळणीने भरून निघत नाही.

जेवणाचे ताट द्यावे, बसायचा पाट देऊ नये

काही माता-पिता दुसऱ्या टोकाला जातात. ‘इच्छापत्राची कटकट कशाला, जिवंतपणीच सगळे मुलांच्या नावे करून मोकळे होतो,’ असे म्हणून बक्षीसपत्र करून देतात. आपल्या वाडवडिलांनी यावर एका वाक्यात शहाणपण सांगून ठेवले आहे : भरले ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक आहेत. त्यांनी सर्वस्व मुलांना देऊन टाकले, त्यानंतर काय झाले, हे मी सांगण्याची गरज नाही.

इच्छापत्र आपल्या मृत्यूनंतर अमलात येते आणि तोवर आपल्या हातात राहते. बक्षीसपत्र त्याच दिवशी अमलात येते आणि साधारणतः परत घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात एक संरक्षण आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. २०२५ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने लावून एका मातेला तिची मिळकत परत मिळवून दिली. पण पोटच्या मुलाविरुद्ध प्राधिकरणाची पायरी चढण्याची वेळ कोणत्याही आईवर यावी का? त्यापेक्षा देण्याची घाई न करणे बरे.

मातांनो, तुमचेही इच्छापत्र

शेवटी माता-भगिनींना एक विनंती. तुमच्या नावे घर असो, ठेवी असोत, दागिने असोत, निवृत्तिवेतनातून साठलेली रक्कम असो, ते सर्व तुमच्या पूर्ण मालकीचे आहे. त्याचे इच्छापत्र तुम्हीही करावे. विशेषतः ज्या भगिनींना मूलबाळ नाही आणि पतीही हयात नाहीत, त्यांनी तर त्वरित करावे. कारण अशा स्त्रीची स्वकष्टार्जित मिळकत, इच्छापत्र नसेल तर, प्रथम पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आई-वडिलांचा क्रम त्यांच्यानंतर येतो.

याचा अर्थ काय होतो, ते २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका प्रकरणावरून कळेल. एका मुलीचे १९५५ मध्ये लग्न झाले. तीन महिन्यांत पती गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी तिला शिकविले, तिने नोकरी केली, पैसा साठविला. १९९६ मध्ये इच्छापत्र न करता ती वारली. तिच्या वृद्ध आईने त्या पैशावर हक्क सांगितला. कायद्याच्या शब्दांनुसार तो पैसा पतीच्या बहिणीच्या मुलांकडे गेला. न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली. पण सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असेही सांगितले. त्या स्त्रीने दोन साक्षीदारांसमोर चार ओळी लिहिल्या असत्या, तर तिच्या कष्टाचा पैसा तिला वाढविणाऱ्या आईला मिळाला असता. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्त्रियांना, आणि विशेषत्वाने हिंदू स्त्रियांना, इच्छापत्र करण्याचे आवाहन केले आहे. ते आवाहन तुमच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम आज मी करीत आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. आई-वडिलांना वृद्धाश्रमात पाठविणाऱ्या मुलांविषयी आपण हळहळतो. पण कुटुंब टिकते ते केवळ भाषणांनी नव्हे. वेळेवर बोललेल्या चार स्पष्ट शब्दांनी आणि नीट लिहून ठेवलेल्या एका कागदाने. बाप गेल्यावर ज्या घरांतील भाऊ-बहिणी एकमेकांकडे जाणे-येणे सोडतात, त्यांतील बहुतेक घरांत पैशाची हाव हे मूळ कारण नसते. वडिलांची इच्छा काय होती, हे कोणालाच नक्की ठाऊक नसते. प्रत्येकजण आपल्या मनाने ती सांगतो आणि प्रत्येकाला आपलीच सांगी खरी वाटते. ही इच्छा सांगण्याचा अधिकार ज्याचा, त्यानेच ती सांगून ठेवावी.

म्हणून घरी गेल्यावर आपण तीन कामे करावीत. मुलांनी या महिन्यात स्वतःचे इच्छापत्र करावे आणि ते वडिलांना वाचावयास द्यावे. आई-वडिलांनी यादीची वही आणावी आणि तिचे पहिले पान आजच भरावे. आणि जो कोणी आईच्या शेजारी बसला असेल, त्याने तिला विचारावे की, तिला कोठे राहायला आवडेल. पुढचे इच्छापत्र त्या उत्तरापासून सुरू करावे.